मागे बसणारीनंही विचारावं

जालन्यात राहून मी तुम्हांला बर्फावरच्या गाडीविषयी चार गोष्टी सांगायला बसले आहे, हे वाचून तुमच्यातल्या काहीजणी गालातल्या गालात हसतील. हसा, माझी काही हरकत नाही. आमच्या नवीन जालन्यात बर्फ म्हणजे लग्नकार्याला कारखान्यातून येणारी, पोत्यात गुंडाळलेली लादी, नाहीतर उन्हाळ्यात हातगाडीवरचा गोळा. मे महिन्यात पारा बेचाळिशीला टेकला की कुंडलिकेच्या पात्रात पाणी गोठायचं दूरच, पाय भिजण्याइतकंही ते दिसत नाही.

पण आपापल्या घरात डोकावून बघा. आपल्या स्टेशनवरून सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरला जाते, आणि तिथून पुढे काश्मीरला जाणारी निदान दोन-चार कुटुंबं दर हिवाळ्यात प्रत्येक गल्लीत निघतात. सहलीच्या पत्रकात गुलमर्गच्या रकान्यात 'स्नो-स्कूटर' हा शब्द असतो. दुसरीकडे, कुणाची लेक, कुणाची सून, कुणाचा भाऊ अमेरिकेत नाहीतर कॅनडात. त्यांच्याकडून बर्फावर गाडी उडवतानाचे फोटो फोनवर येतात आणि आपण 'जपून रे बाबा' एवढंच म्हणून फोन ठेवतो. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी लग्न होऊन अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गेली, त्याला आता चौदा वर्षं झाली. तिथल्या मोटारींच्या नंबरपाटीवरसुद्धा 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. हिवाळ्यात ही तळी गोठतात आणि लोक त्यांवरून चालतात, मासे धरतात, गाड्या पळवतात. तेव्हा बर्फावरची गाडी आता आपल्या घरातली गोष्ट झाली आहे. आणि 'जपून' म्हणजे नेमकं काय करायचं, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. या गाडीवर आपण बायका बहुतेक वेळा मागे बसतो. पुढे नवरा, दीर, जावई किंवा भाड्यानं गाडी देणारा माणूस असतो. मागे बसणारीनं घट्ट धरून बसायचं आणि गप्प राहायचं, असा आपला रिवाज. यंत्रातलं आपल्याला काय कळतं, असं आपणच म्हणतो. मला एवढंच म्हणायचं आहे, की यंत्र कळलं नाही तरी चालेल, पण गाडी सुरू व्हायच्या आधी चार प्रश्न विचारता आले पाहिजेत. ते प्रश्न कोणते आणि का, ते एकेक करून बघू.

आधी ही गाडी कशी असते ते ऐका. तिला स्नोमोबिल म्हणतात. हँडल आणि सीट आपल्या स्कूटरसारखी. पुढे चाकाच्या जागी दोन पट्ट्या असतात, त्या बर्फावर घसरतात आणि हँडल फिरवलं की वळतात. मागे चाक नाही, तर रबराचा रुंद दातेरी पट्टा असतो. रणगाड्याचा असतो तसा तो फिरतो आणि गाडी पुढे ढकलतो. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली एक लहानशी कळ असते, ती दाबली की वेग वाढतो. डाव्या हाताला ब्रेक. वजन दोन-तीन क्विंटल सहज. म्हणजे ज्वारीची दोन-तीन पोती अंगावर आली तर काय होईल, तो हिशेब मनात ठेवा.

ही गाडी जन्माला आली ती मौजेसाठी नव्हे, हे मला कळलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच झाले. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाच्या गावी जोसेफ-आर्मांड बोंबार्दिए हा मेकॅनिक राहत होता. १९३४ च्या जानेवारीत त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला अपेंडिक्सचं दुखणं झालं आणि ते पोटात पसरलं. दवाखाना दूर, रस्ते बर्फानं बुजलेले. बापाच्या वर्कशॉपमध्ये बर्फावर चालणारं यंत्र अर्धवट जुळवलेलं पडून होतं, पण ते चालण्याच्या अवस्थेत नव्हतं. मूल गेलं. त्यानंतर हा माणूस त्या यंत्राच्या मागेच लागला. १९३७ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. बर्फावर चालणाऱ्या त्याच्या पहिल्या मोठ्या गाड्यांतून शाळेची मुलं, टपाल आणि आजारी माणसं जाऊ लागली. एक-दोन माणसांची लहान गाडी बाजारात आली ती १९५९ मध्ये. पुढे तिची हौस झाली, शर्यती झाल्या. पण मूळ गरज काय होती, तर माणूस सुखरूप पोचवण्याची. आपणही तिच्याकडे त्याच नजरेनं बघू या.

आता पहिली गोष्ट कपड्यांची, कारण ती आपल्या हातातली. आपल्याकडे स्कूटरच्या मागच्या चाकात पदर नाहीतर ओढणी गुंतून किती घरं उजाड झाली, ते मी सांगायला नको. त्यासाठीच मोटारवाहन नियमांत मागचं चाक निदान निम्मं झाकणारी जाळी, धरायला मूठ आणि पाय ठेवायला आधार सांगितला आहे. आपण तिला साडीगार्ड म्हणतो. बर्फावरच्या गाडीचा पट्टा तर चाकापेक्षाही रुंद आणि दातेरी. तेव्हा साडी, शाल, लांब मफलर, लोंबणारी ओढणी काही नको. पँट किंवा सलवार आत, वरून भाड्यानं मिळणारा बर्फाचा अंगरखा, आणि गमबूट. वेणी कॉलरच्या आत. मफलर हवाच असेल तर गळ्याभोवती गुंडाळून दोन्ही टोकं आत खोचायची. आणि एका बाजूला पाय सोडून बसणं इथं अजिबात नाही. दोन्ही बाजूंना पाय टाकूनच बसायचं. वयस्कर बायकांना संकोच वाटतो, मला कळतं. पण तसं बसायचं नसेल, तर न बसणं हे उत्तम उत्तर आहे.

दुसरी गोष्ट पायांची. स्कूटर कलली की आपण पटकन पाय टेकवतो, अंगवळणीच पडलेलं असतं ते. बर्फावरच्या गाडीवर पाय बाहेर काढला की तो बर्फात रुततो, गाडी पुढे जाते आणि पाय मागे ओढला जातो. गुडघे आणि घोटे मोडतात ते असे. म्हणून पाय सदैव पायफळीवर. गाडी कलंडायला लागली तर धरून ठेवायचा प्रयत्न करू नका, तिच्यापासून दूर, वरच्या बाजूला बर्फात पडा. गाडी सुरू असताना तिच्या मागे मुलांना उभं करून फोटो काढू नका. तो पट्टा बर्फाचे खडे आणि दगड मागे भिरकावतो.

गुलमर्गला गेलात तर आणखी थोडं. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. त्याच्यावर तारेवरची गाडी दोन टप्प्यांत अफरवतकडे नेते, ते आणखी हजारभर मीटर उंच. आपण सपाटीवरची माणसं, दम लागतो, डोकं जड होतं. पहिल्याच दिवशी सगळं उरकायची घाई नको. बर्फातल्या गाडीच्या ठिकाणी माणसं भोवती गोळा होतात, भाव सांगतात, हात धरून बसवायला बघतात. घासाघीस भाड्याची जरूर करा, पण त्याआधी विचारा: हेल्मेट कुठं आहे? गाडी कोण चालवणार? कुठपर्यंत नेणार? एका गाडीवर चालवणारा धरून दोघंच बसायचे. 'लेकरू मधे बसेल, काही होत नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला हसून नाही म्हणायचं. पुढे चालवायला मुलांना कळ देऊ नका. ती अंगठ्याची कळ घाबरल्यावर सुटत नाही, उलट घाबरलेला हात ती अधिकच आवळतो. मोठी माणसंसुद्धा पहिल्यांदा बसली की असंच होतं. म्हणून बऱ्याच गाड्यांना एक दोरी असते, तिचं टोक चालवणाऱ्याच्या कपड्याला अडकवायचं. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. ती दोरी अडकवली आहे का, हे मागून सहज दिसतं. दिसली नाही तर विचारा.

आणि मळलेली वाट सोडून 'तिकडे भारी जागा आहे' असं कुणी म्हटलं तर जाऊ नका. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतच्या उतारावर बर्फाचा कडा सुटला आणि पोलंडहून आलेले दोन स्कीपटू त्यात गेले. ती माणसं बर्फातली जाणती होती. आपण तर चार दिवसांचे पाहुणे.

परदेशी आपल्या मुलाबाळांची गोष्ट जरा निराळी. तिथं भाड्याची गाडी आणि पाच मिनिटांची चक्कर नसते. गाडी घरची असते, रानातून मैलोन् मैल आखलेल्या वाटा असतात, आणि संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो. तिथले नियम मात्र चांगले आहेत. मिनेसोटात १९७६ नंतर जन्मलेल्या रहिवाशाला ही गाडी चालवायची तर सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेऊन दाखला मिळवावा लागतो. वेगाची कमाल मर्यादा ताशी ५० मैल, म्हणजे आपले ८० किलोमीटर. अठराच्या आतल्यांना हेल्मेटची सक्ती आहे. माझं म्हणणं, अठराच्या वरच्यांची कवटी काही लोखंडाची होत नाही! आपल्याकडे जालना-संभाजीनगर रस्त्यावर हेल्मेट डिकीत ठेवून जाणारे वीर आहेत, तसे तिकडेही आहेत.

रात्री दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं, तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे. ती थांबत नसेल तर वेग जास्त आहे, इतका सोपा हिशेब. पुढे तारेचं कुंपण असेल, झाड असेल, दुसरी बंद पडलेली गाडी असेल. आणि एक नाजूक विषय, पण बोलते. थंडीत 'दोन घोट घेतले की ऊब येते' असं पुरुषमंडळी म्हणतात. ती ऊब खोटी असते. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटतं, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते. वर डोकं जागेवर नसतं ते वेगळंच. ज्यानं घेतली आहे त्याच्या मागे बसायचं नाही, मुलाला तर मुळीच बसवायचं नाही. तिथं चार मित्रांसमोर नवऱ्याला कसं बोलायचं, असा प्रश्न पडतो. 'मला थंडी वाजते आहे, मी मोटारीनं येते' एवढं म्हटलं तरी काम होतं. भांडण घरी जाऊन करावं.

आता गोठलेल्या तळ्याकडे येते, कारण खरा घात तिथं आहे.

शाळेत शिकलेलं आठवतं का? पाणी चार अंशांला सर्वांत जड असतं. म्हणून तळं गोठतं ते वरून. वर बर्फाची साय, खाली पाणी तसंच. दुधावरची साय कशी कडेला जाड आणि मधे कुठंतरी फाटलेली असते, तसंच तळ्याचंही. एका ठिकाणी बर्फ जाड म्हणून दहा पावलांवर तो तसाच असेल असं नाही. जिथं ओढा येऊन मिळतो, जिथं पुलाखालून पाणी वाहतं, जिथं तळातून झरा फुटतो, जिथं लव्हाळी किंवा खडक वर आलेले असतात, तिथं तो पातळ असतो. त्यावर पडलेला भुसभुशीत बर्फ म्हणजे तर गोधडीच. गोधडी पांघरली की आपल्याला ऊब राहते, तशी ती खालच्या पाण्यालाही राहते आणि साय जाड होत नाही. रंगावरूनही कळतं. नितळ, निळसर, काचेसारखा बर्फ चांगला. पांढरा, फेसाळ बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा.

मिनेसोटाचं सरकार सांगतं, की नव्या नितळ बर्फावर माणसाला चालायला निदान ४ इंच जाडी हवी आणि स्नोमोबिलला ५ ते ७ इंच. आपल्या मापानं सांगायचं तर माणसाला तळहाताची रुंदी आणि गाडीला वितीपेक्षा थोडी कमी. ही जाडी वरून बघून कळत नाही. गिरमिटानं भोक पाडून मोजावी लागते, आणि पुढे गेल्यावर पुन्हा मोजावी लागते.

२०२३ च्या डिसेंबरात मी भाचीकडे होते. त्या वर्षी तिकडे थंडी रुसली होती. ऐन नाताळात बर्फाऐवजी पाऊस पडला. २९ डिसेंबरला राज्याच्या उत्तरेला अप्पर रेड लेक या तळ्यावर बर्फाचा मोठा तुकडा सुटून वाहत निघाला आणि त्यावर मासे धरायला गेलेली शंभराहून अधिक माणसं अडकली. सगळी सुखरूप बाहेर काढली, हे नशीब. जानेवारीच्या मध्याला मात्र कडाक्याची थंडी आली. आठवडाभर दार उघडलं की नाकातले केस गोठायचे. त्या रविवारी जावईबापू म्हणाले, "मावशी, चला. तळ्यावरून एक चक्कर मारून आणतो तुम्हांला. मागे तुमची नात बसेलच, तिच्यानंतर तुमची पाळी."

नात म्हणजे भाचीची मुलगी, नऊ वर्षांची. तिनं हेल्मेट घातलेलं होतं, हे मला आवडलं. मी म्हटलं, "अहो, बर्फ किती जाड आहे?"

"आठवडाभर उणे वीस आहे मावशी, चांगलाच असणार."

"असणार ते ठीक. मोजला का?"

जावई माझे गुणी. पण शेजारी त्यांचे दोन मित्र उभे होते, एकाच्या चेहऱ्यावर हसू आलं. जालन्याहून आलेली साठी उलटलेली बाई बर्फाची जाडी विचारते आहे! थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग जावयांनी मुकाट्यानं मित्राच्या गाडीतून गिरमिट आणलं. काठापासून थोडं आत भोक पाडलं तर सात इंच. सगळ्यांचे चेहरे फुलले. मी म्हटलं, "तो ओढा येतो ना पलीकडून, तिकडे?" तिकडे गेले, दोघंच, चालत, अंतर ठेवून, हातात काठी घेऊन, दर थोड्या अंतरावर भोक पाडत. ओढ्याच्या तोंडापासून बऱ्याच अलीकडे ते थांबले आणि परत फिरले. तिथं तीन इंच भरला. त्यांची नेहमीची चक्कर त्या तोंडावरूनच जायची.

त्या दिवशी गाडी काठाकाठानं, मोजलेल्या भागातच फिरली. मीसुद्धा बसले, दोन्ही बाजूंना पाय टाकून, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. रात्री भांडी आवरताना भाची हळूच म्हणाली, "मावशी, दोन वर्षं मी तिला मागे बसवून पाठवते आहे. दर वेळी पोटात गोळा येतो. पण विचारलं तर म्हणतील, तुला काय कळतं यातलं, म्हणून विचारलंच नाही कधी."

मी काय बोलणार? मला तिचा राग आला नाही, कारण हे तिचं एकटीचं नाही. गॅसच्या नळीची मुदत आपण विचारतो, औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो, दूध फाटलं तर नाकाला कळतं. तीच नजर आहे ही. तिला यंत्रापाशी गेल्यावर लाजायचं काही कारण नाही.

न विचारण्याची किंमत कधीकधी फार मोठी असते. २६ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेच्याच ॲरिझोना राज्यात वुड्स कॅन्यन लेक या तळ्यावर आपल्या आंध्राकडची काही कुटुंबं नाताळच्या सुटीत गेली होती. गोठलेल्या तळ्यावर फोटो काढायला माणसं उतरली आणि बर्फ फुटला. दोन पुरुष आणि एक तरुण आई, तिघं गेले. गाडीही नव्हती, नुसती पावलं होती. काश्मीरमध्येही जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचा पारा उणे ८.४ अंशांवर उतरला, दल सरोवर गोठलं, आणि त्यावर चालू नका असं प्रशासनाला लोकांना बजावावं लागलं. आपण सहलीला गेलेली माणसं. समोर पांढरं मैदान दिसलं की मुलं धावतातच. ते मैदान नाही, ते पाणी आहे, हे मुलांना आधीच, हॉटेलातून निघतानाच सांगा.

आणि देव न करो, पण बर्फ फुटलाच तर? हे नीट वाचा आणि मुलांनाही वाचून दाखवा. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्ट थंड पाण्यात माणसाचं काय होतं याचे जाणकार. त्यांनी एक सोपा हिशेब सांगितला आहे: एक, दहा, एक. पहिलं मिनिट श्वासाचं. थंड पाण्यानं छाती भरून येते, धाप लागते, तेव्हा काही करू नका, फक्त डोकं वर ठेवा आणि श्वास ताब्यात आणा. मग सुमारे दहा मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात बाहेर पडायचं. नंतर हातपाय चालेनासे होतात, पण शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे आपण समजतो तसा माणूस क्षणात थिजून जात नाही. वेळ असतो, तो आरडाओरड्यात घालवायचा नाही.

कोट काढू नका, त्यात हवा असते, तो तरंगायला मदत करतो. जिकडून आलात तिकडेच तोंड करा, कारण तिकडच्या बर्फानं आत्तापर्यंत तुमचं वजन पेललं होतं. हात बर्फावर पसरा, पाय मागे जोरात मारा आणि पोटावर सरकत वर या. वर आल्यावर उभं राहू नका. लोळत लोळत दूर जा. तिकडे लोक गळ्यात दोन लहान लाकडी मुठी बांधतात, प्रत्येक मुठीत एक खिळा. ओल्या बर्फाला बोटं धरत नाहीत, खिळा धरतो. आपल्या सुताराकडून दहा मिनिटांत होतील अशा. परदेशी जाणाऱ्या भाच्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीबरोबर ठेवायला हरकत नाही. फक्त मोठ्या बॅगेत, हातातल्या नको.

काठावरच्यांनी धावत जाऊ नये. धावणारा दुसरा बळी होतो. आधी मदतीला फोन, मग काठी पुढे करा, दोर फेका, जे हाताशी असेल ते. जवळ जावंच लागलं तर पोटावर सरपटत.

इथं मला आपल्या शेततळ्यांची आठवण होते. आपल्या जिल्ह्यात कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांवर द्राक्षं पिकवली, कौतुकाचीच गोष्ट आहे. पण त्या तळ्याची प्लास्टिकच्या कागदाची कड आणि गोठलेल्या तळ्याची कड, दोन्ही सारख्याच निसरड्या. पोहता येणारा माणूससुद्धा तिथून वर येऊ शकत नाही. म्हणून शेततळं असेल त्या घरानं काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवावा. कुंपण तर हवंच.

आणि दोर नसेल तर आपल्या अंगावर साडेपाच मीटरचा दोर असतो. तामिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणाच्या पाण्यात ऑगस्ट २०२० मध्ये चार मुलगे बुडत होते. काठावरच्या तीन बायकांनी क्षणाचाही विचार न करता नेसत्या साड्या सोडल्या आणि फेकल्या. दोघे वाचले, दोघांना वाचवता आलं नाही. तामिळनाडू सरकारनं त्या तिघींना कल्पना चावला यांच्या नावाचा शौर्य पुरस्कार दिला. लाज कशात असते आणि कशात नसते, हे त्या बायकांना पाण्यापाशी बरोबर कळलं.

बाहेर काढलेल्या माणसाला हळुवार हाताळा, आडवं ठेवा. ओले कपडे काढून कोरडे घाला, रग गुंडाळा, छाती आणि मान आधी गरम करा. हातपाय चोळायचे नाहीत, बर्फ तर नाहीच. शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्या. दारू नाही. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच.

आता ते चार प्रश्न. हे कापून पर्समध्ये ठेवा, नाहीतर फोटो काढून लेकीला पाठवा.

१. हेल्मेट सगळ्यांना आहे का, आणि चालवणाऱ्याची दोरी अडकवली आहे का?

२. चालवणाऱ्यानं काही घेतलेलं नाही ना?

३. कुठून कुठं जायचं, आणि आपण परत किती वाजता येणार हे मागे कुणाला सांगितलं आहे का?

४. वाटेत पाणी आहे का? असल्यास बर्फ कुणी, कुठं आणि कधी मोजला?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'असेल, असणार, दरवर्षी जातो' असं आलं तर उतरायचं आणि मुलालाही उतरवायचं. दोन मिनिटं सगळे तोंडाकडे बघतील. बघू द्या.

माझ्या भाचीनं या हिवाळ्यात स्वतःच गिरमिट विकत घेतलं. जावयांच्या वाढदिवसाला भेट म्हणून दिलं म्हणे! फोनवर सांगताना हसत होती. आता दर रविवारी ते गिरमिट आधी निघतं, गाडी नंतर.